दोन तंबू

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांत दोन नद्यांचा उगम आहे. त्यांपैकी एकीला सारा देश ओळखतो. गोदावरी ब्रह्मगिरीवरून उतरते, पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. दुसरी नदी पश्चिमेकडे निघते. तिच्यासाठी सिंहस्थ भरत नाही, यात्रेकरू तिचे पाणी तांब्यात भरून घरी नेत नाहीत. दोनशे किलोमीटरांच्या आतच ती अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामधून अरबी समुद्रात शिरते. तिचे नाव वैतरणा. विरारच्या पुढे गाडी पुलावर आली की खाली दिसणारे तिचे रुंद, गढूळ, खाडीसारखे पात्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तिचे बालपण मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते.

मी ते गेल्या नाताळानंतरच्या आठवड्यात पाहिले. आमच्या धर्मग्रामातील नऊ कुटुंबे दोन रात्रींसाठी अप्पर वैतरणा जलाशयाच्या काठी तंबूंत राहिली. अलीकडे त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या परिसरात अशा मुक्कामांची सोय सहज होते. काठावर नायलॉनचे रंगीत तंबू ओळीने उभारलेले असतात, मध्ये शेकोटी, बाजूला चूल, आणि समोर डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेले निळे पाणी. मुले दिवसभर पाण्याच्या कडेने हुंदडली. रात्री आम्ही शेकोटीभोवती बसून पवित्र रोझरी म्हटली. शहरात न दिसणारे तारे माथ्यावर दाटले होते आणि ‘नमो मरिया’चा पुढचा भाग म्हणताना शेजारच्या अंधारातून पाण्याचा हलका आवाज येत होता. परमेश्वराने सृष्टी निर्माण केली आणि ती चांगली आहे असे त्याला दिसले, हे उत्पत्तीच्या पुस्तकातले सत्य इतक्या साधेपणाने क्वचितच अनुभवाला येते. त्या आनंदात काही खोटे नव्हते, हे मी आधीच नमूद करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीने जाग आली म्हणून बाहेर आलो. तंबूंची देखभाल करणारे साठीच्या घरातले एक गृहस्थ चुलीवर चहाचे आधण ठेवत होते. जवळच्याच पाड्यावरचे ते रहिवासी.

‘‘झोप लागली का, साहेब?’’ त्यांनी विचारले.

‘‘लागली बाबा. घरी अशी लागत नाही,’’ मी म्हणालो.

ते हसले. ‘‘आम्हालाबी तंबूची सवय आहे. तुमच्याकडंच राहत होतो. वसईकडं, वीटभट्टीवर. दिवाळी झाली की जगायला निघायचं, पावसाच्या आधी परत यायचं. बारा-तेरा वर्षं केलं तसं.’’ मग चुलीत लाकूड सारता सारता, कोणतीही कुचेष्टा मनात न ठेवता, निव्वळ कुतूहलाने त्यांनी विचारले, ‘‘तुम्हाला तर घर आहे. मग पैसे देऊन तंबूत कशाला राहता?’’

‘‘मौज म्हणून,’’ मी म्हणालो. दुसरे काही सुचले नाही.

‘‘मौज चांगली,’’ ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

संभाषण एवढेच झाले. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही. या लेखात मी त्याचे उत्तर शोधू पाहत आहे.

‘जगायला जाणे’ हा शब्दप्रयोग त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या भागांतील आदिवासी बांधवांच्या तोंडी नेहमी येतो. भाताची आणि नागलीची कापणी आटोपली की गावात काम उरत नाही. मग कुटुंबेच्या कुटुंबे घराला कडी लावून बाहेर पडतात. कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, कोणी वीटभट्टीवर, कोणी आपल्या शहरांतील इमारतींच्या कामावर. तिथे ती प्लास्टिकच्या कापडाखाली राहतात. म्हणजे वर्षाच्या त्याच महिन्यांत दोन माणसे एकमेकांच्या उलट दिशेने प्रवास करतात. एक डोंगरातून आमच्या अंगणाशी येऊन कापडाखाली राहतो आणि त्याला तो ‘जगणे’ म्हणतो. दुसरा आमच्या अंगणातून त्याच्या डोंगरात जाऊन कापडाखाली राहतो आणि त्याला तो ‘मौज’ म्हणतो. थंडी दोघांनाही लागते, जमीन दोघांच्याही पाठीला टोचते. फरक एवढाच, की एकाला तिसऱ्या दिवशी परत जायला घर आहे आणि हवे तेव्हा ‘पुरे’ म्हणण्याची मुभा आहे. गैरसोयीची गोडी त्या मुभेत असते. ती काढून घेतली की मागे उरते ती केवळ गैरसोय.

यावर कोणी म्हणेल, की मग काय आम्ही कुठे जाऊच नये? जगात दुःख आहे म्हणून मुलांना तळ्याकाठी नेणे हे पाप ठरते का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. विश्रांती ही ख्रिस्ती माणसासाठी चैन नव्हे. विश्रांतीदिन हा दहा आज्ञांपैकी एक आहे. स्वतः प्रभू येशूने, शिष्य कामावरून थकून परतले तेव्हा, त्यांना एकांत स्थळी चालण्यास आणि थोडा विसावा घेण्यास सांगितले. आणि ते मचव्यात बसून सरोवराच्या काठच्या निर्जन जागी निघाले, असे संत मार्क सांगतो. सरोवराकाठच्या सहलीला याहून मोठा आधार कोणता हवा?

मात्र तो प्रसंग तिथेच संपत नाही. मचवा किनाऱ्याला लागतो तेव्हा तिथे लोकांचा समुदाय आधीच येऊन थांबलेला असतो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून प्रभूला कळवळा येतो. तो त्यांना शिकवत बसतो, आणि संध्याकाळी शिष्य जेव्हा सुचवतात की यांना आता आपापल्या जेवणाची सोय करायला पाठवून द्यावे, तेव्हा तो शिष्यांनाच त्यांना जेवू घालण्यास सांगतो. प्रभूने विश्रांती चुकीची ठरवली नाही. तिच्या वाटेत माणूस आला तेव्हा तिच्यापेक्षा त्याला मोठे मानले, इतकेच. प्रश्न तळ्याकाठी जाण्याचा नाही. तिथे आधीच असलेली माणसे आपल्याला दिसतात की नाही, हा आहे.

आम्हाला ती पहिल्या दिवशी दिसली नव्हती. जेवण झाल्यावर आमच्यातील काहींनी साबण लावून भांडी थेट पाण्यात विसळली. थोड्या अंतरावर डोक्यावर हंडा आणि कळशी घेतलेली एक बाई येत होती. तिने आमच्याकडे पाहिले, काही न बोलता वळण घेतले आणि बरेच पुढे जाऊन हंडा भरला. आम्ही सारे सुशिक्षित आणि धार्मिक लोक. त्या बाईच्या पिण्याच्या पाण्यात आपण भांडी धुतली, हे आमच्या लक्षात यायला तिला वाट वाकडी करावी लागली.

ते पाणी तरी कोणाचे? अप्पर वैतरणा प्रकल्प १९७३ मध्ये पूर्ण झाला. त्याचा उपयुक्त साठा सुमारे २,२७,००० दशलक्ष लिटर आहे. त्यावर वीज निर्माण होते आणि मग ते पाणी नदीच्या पात्रातून खाली, १९५७ मध्ये बांधून झालेल्या मोडकसागरात जाऊन मुंबईच्या जलवाहिन्यांना मिळते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतील हा एक. त्याच्या तळाशी ज्यांची भातखाचरे गेली, त्यांचे वारस आज काठावरच्या पाड्यांवर राहतात. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. पण काळ्या पाषाणात तो मुरत नाही, उतारावरून धावत खाली जातो, आणि मार्च उजाडला की त्याच तालुक्यातील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागते. २०२२ च्या जानेवारीत त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्याच्या स्त्रियांची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली होती. डोक्यावर हंडे घेऊन त्या खोल दरीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून तास नदी ओलांडत होत्या. त्यानंतर तिथे लोखंडी पूल टाकण्यात आला. तोही त्याच वर्षीच्या पावसात वाहून गेला.

हे वाचताना वसईकरांना काही आठवावे. आपल्याकडे विहीर ही घराची लेक मानली जाते आणि बावखल साऱ्या गावाचे असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जेव्हा आपल्या विहिरींचे गोडे पाणी टँकरमागून टँकर भरून बाहेर जाऊ लागले, बागायत सुकू लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली लोक हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. लोक गप्प बसतील असे ज्यांना वाटले होते, त्यांना त्या पट्ट्याने वेगळे उत्तर दिले. आमच्या जमिनीखालचे पाणी दुसऱ्याची तहान भागवण्याच्या नावाखाली विकले जाते आणि आमच्या तहानेचा हिशेब कोणी ठेवत नाही, ही आपली तक्रार होती, आणि ती न्याय्य होती. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये प्रभूघरी गेले. त्यांची आठवण काढताना आपण ही तक्रार अभिमानाने सांगतो. आता तीच तक्रार त्र्यंबकच्या एखाद्या पाड्याने आपल्याविरुद्ध केली तर? कारण वसई-विरारच्या नळांना येणारे सूर्या धरणाचे पाणीही आदिवासी मुलखातूनच येते, आणि सूर्या ही वैतरणेचीच उपनदी आहे. टँकर आपल्या विहिरीवर उभा होता तेव्हा आपल्याला न्याय समजला. आज नळ आपल्या घरात आहे. न्यायाची समज नळाबरोबर बदलत असेल, तर तिला न्याय म्हणता येणार नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालकीबद्दल जो विचार मांडला, तो इथे उपयोगी पडतो. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे यासाठी खासगी मालकी योग्य आहे, असे ते मानतात. परंतु वस्तूंचा उपयोग करताना माणसाने त्या सर्वांच्या आहेत असे समजावे आणि गरजवंताला त्यांतून देण्यास तयार असावे, असेही ते बजावतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले, कारण त्यावाचून माणूस जगूच शकत नाही. म्हणजे त्या बाईच्या हंड्यासाठी पाणी स्वच्छ ठेवून आम्ही तिच्यावर उपकार केले नसते. तिचे तिला राहू दिले असते, एवढेच.

आता तंबूकडे परत येतो. बायबलमध्ये तंबू पुष्कळ आहेत आणि त्यांचा एक सणही आहे. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात भटकले आणि मग वचनदत्त देशात घरे बांधून राहू लागले. त्याआधीच परमेश्वराने त्यांना आज्ञा केली होती, की दरवर्षी हंगामाच्या शेवटी सात दिवस घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहा. कारणही लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात दिले आहे. आपल्या पूर्वजांना मिसर देशातून बाहेर आणताना देवाने मांडवांत वसवले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. घर असलेल्या माणसाने मुद्दाम कापडाखाली वा पानांखाली का राहावे, या त्या बाबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले. आपल्यालाही एकेकाळी घर नव्हते, हे विसरू नये म्हणून. भिंत आणि छप्पर ही आपली कमाई असली तरी आधी ती कृपा आहे, हे पाठीला कळावे म्हणून.

उरलेले अर्धे उत्तर अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात आहे. तिथे या सणाच्या आनंदात कोणाला सामील करून घ्यायचे याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, आणि तुमच्या गावात राहणारा उपरा, अनाथ व विधवा. सणाचा आनंद करा, अशी आज्ञा आहे; पण या सर्वांसह करा, अशी आहे. नऊ कुटुंबांच्या आमच्या मांडवात मुलगा-मुलगी होते. चूल पेटवणारे बाबा होते, पण ते आमच्या पंगतीला नव्हते. उपरा कोणीच नव्हता. किंबहुना त्या काठावर उपरे आम्हीच होतो, आणि तरी यजमानासारखे वागत होतो.

पेत्राची आठवणही इथे येते. डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा त्याला वाटले, इथेच तीन मंडप बांधून राहावे. आपण काय बोलतो हे त्याला कळत नव्हते, असे लूक लिहितो. दुसऱ्या दिवशी ते डोंगरावरून उतरतात आणि पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलासाठी आक्रोश करत उभा असतो. डोंगरावरचे तेज खरे होते. पण ते खाली उतरून त्या बापाला भेटण्यासाठी होते. आणि संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी शब्द देही झाला असे सांगताना जे ग्रीक क्रियापद वापरतो, त्याचा शब्दशः अर्थ त्याने आपल्यामध्ये तंबू ठोकला, असा होतो. त्याचा तंबू मौजेचा नव्हता. पण तो नाइलाजाचाही नव्हता. ज्याला घर होते त्याने, बेघरांबरोबर राहता यावे म्हणून, स्वतः होऊन कापडाखाली येणे पत्करले. दोन तंबूंमधले अंतर मिटवण्याचा हा एकच मार्ग मला दिसतो.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा सारा विचार दुसऱ्यांना उपदेश केल्यासारखा होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही घर बांधले. कामावर एक आदिवासी जोडपे होते. बरोबर दोन लहान मुले. कुंपणाच्या कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकखाली ती चौघे सात महिने राहिली. पाणी आमच्या विहिरीचे घेत, त्याला आम्ही कधी हरकत घेतली नाही, आणि याचा मला समाधानपूर्वक अभिमान होता. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री अचानक वादळी पाऊस आला आणि त्यांचे कापड उडाले. आम्ही शेजारच्या जुन्या घरात होतो. खिडकीतून मला ते दिसले. नव्या घराची पुढची खोली पूर्ण झालेली होती आणि किल्ली माझ्या हाताशी होती. पण खोलीत दोनच दिवसांपूर्वी फरशी बसवलेली होती. चिखलाने ती डागाळेल, असा विचार माझ्या मनात आला. मी दार उघडले नाही. मुलांना कुशीत घेऊन त्यांनी ती रात्र जिन्याच्या लादीखाली काढली. सकाळी ती बाई नेहमीसारखी कामावर हजर होती. फरशीही तिच्याच नवऱ्याने माल वाहून आणल्यामुळे बसली होती.

त्यांनी काही मागितले नाही, म्हणून मी काही नाकारलेही नाही, असा दिलासा मी अनेक वर्षे स्वतःला देत आलो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांना पाणी, शौचालय आणि तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. पण आमच्यासारखे लहानसे घरबांधकाम त्याच्या कक्षेत येत नव्हते. कायदा जिथे पोहोचत नाही, तिथे केवळ विवेकबुद्धी असते, आणि त्या रात्री माझी विवेकबुद्धी फरशीची राखण करत होती. दर नाताळाला त्याच खोलीत आम्ही गव्हाणी मांडतो. वैतरणेच्या काठी ‘घरी अशी झोप लागत नाही’ असे मी सहज बोलून गेलो, ते कदाचित मला वाटले त्याहून अधिक खरे होते.

दुसरा आक्षेपही ऐकून घेतला पाहिजे. अशा मुक्कामांमुळे स्थानिक लोकांना काम मिळते, ते बाबा आता भट्टीवर न जाता घराजवळ कमावतात, हे चांगले नव्हे काय? चांगलेच आहे. त्यांनीच मला तसे सांगितले. म्हणून तळ्याकाठी जाणे बंद करावे असे मी म्हणत नाही. उलट जावे असे म्हणतो. पण जाताना विचारावे, की आपण दिलेल्या पैशांतून चूल पेटवणाऱ्याच्या हाती किती पडते. भांडी काठापासून दूर, मातीवर धुवावीत. रात्री गाणी वाजवायची तर पाडा किती जवळ आहे ते पाहावे. आणि पंगतीत एक पान वाढवावे. शेवटच्या रात्री आम्ही एवढे शेवटचे केले. बाबा आणि त्यांची सून आमच्याबरोबर जेवायला बसली. त्यांनी नागलीच्या भाकरी आणल्या, आमच्याकडे नाताळचा फराळ उरला होता. गप्पा भाताच्या भावाच्या आणि मुलांच्या शाळेच्या झाल्या. कोणाचे जीवन त्यामुळे बदलले नाही. पण त्या जेवणाला सणाचे रूप आले, ते आदल्या रात्री आले नव्हते.

आणि परतल्यावर? खरी कसोटी तिथे आहे. आपल्या धर्मग्रामांत दरवर्षी कुठे ना कुठे घर बांधले जाते, सभागृह बांधले जाते, दिवाळीनंतर कोपऱ्याकोपऱ्यांत निळी कापडे उभी राहतात. घर बांधायला काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने कंत्राटदाराशी बोलताना तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: मजुरांच्या डोक्यावर पावसात टिकेल असे छप्पर, हाताशी पिण्याचे पाणी, आणि स्त्रियांसाठी आडोशाचे शौचालय. वास्तूच्या आशीर्वादविधीला फादरांना बोलावतो, तेव्हा ज्यांनी विटा वाहिल्या त्यांनाही बोलावावे. आम्ही नऊ कुटुंबांनी एवढे ठरवले आहे. यात मोठे असे काही नाही, आणि माझ्या त्या रात्रीची भरपाई तर यात मुळीच नाही. ती चार माणसे आता कुठे आहेत हे मला ठाऊक नाही.

येत्या नाताळानंतर आम्ही पुन्हा वैतरणेच्या काठी जाणार आहोत. बाबांनी पुन्हा विचारले, की घर असताना तंबूत कशाला राहता, तर या वेळी मी त्यांना सांगेन, की तुम्ही आमच्याकडे कसे राहत होता ते आम्ही कधी विचारले नाही, म्हणून आलो आहोत. मग चहा होईपर्यंत ते जे सांगतील, ते ऐकेन.